सूर लावणाऱ्याच्या कानाची किंमत

तंबोऱ्याची तार छेडली की तिचा सूर एका जागी थांबत नाही. बोट सुटतं त्या क्षणी तो किंचित चढा असतो, मग हळूहळू खाली येतो आणि शेवटी एका ठिकाणी बसतो. हा फरक इतका बारीक असतो की गाणं ऐकायला बसलेल्या माणसाच्या तो ध्यानातही येत नाही. पण मोबाइलवरचं ट्यूनर ॲप समोर ठेवून तार जरा जोरात छेडून पाहा. काटा आधी चढ्या बाजूला जातो आणि मग मागे सरकतो. आता प्रश्न असा, की तार लावायची ती कोणत्या क्षणाला? काटा पुढे गेला होता तेव्हाच्या सुराला, की मागे येऊन थांबला तेव्हाच्या?

हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. पण वाद्य सुरात लावणाऱ्या माणसाचं सगळं ज्ञान या एका प्रश्नात साठलेलं आहे, असं माझं म्हणणं आहे. आणि ते ज्ञान आहे हेच आपण कधी मान्य केलं नाही. म्हणून महाराष्ट्रातली एक जुनी परंपरा, जी मोठ्या प्रमाणात मुसलमान कारागिरांनी सांभाळली, ती आज ‘रिपेरिंग’ या एका शब्दात गुंडाळून बाजूला ठेवली गेली आहे.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ. तार बोटाने ओढून सोडली की ती मूळ लांबीपेक्षा थोडी ताणली जाते. ताण वाढला की सूर चढतो. तार जितक्या जोरात हलते तितका हा चढ जास्त. हलणं कमी होत गेलं की ताण पूर्वपदावर येतो आणि सूर उतरतो. त्यामुळे एकच तार हळू छेडली तर एक उत्तर देते, जोरात छेडली तर दुसरं. सैल तारेत हा फरक जास्त जाणवतो, घट्ट तारेत कमी.

तंबोऱ्यात याच्यावर आणखी एक गोष्ट आहे. त्याच्या चार तारांपैकी मधल्या दोन तारा एकाच षड्जाला लावलेल्या असतात. त्यांना जोड म्हणतात. पहिली तार बहुधा पंचमाची आणि शेवटची खर्जाची. जोडाच्या दोन तारा एकाच वेळी वाजत नाहीत. पहिली छेडल्यावर क्षणभराने दुसरी छेडली जाते. म्हणजे दुसरी तार जेव्हा ताजी आणि किंचित चढी असते, तेव्हा पहिली उतरून बसायला लागलेली असते. ऐकणाऱ्याच्या कानात कायम एक ताजा सूर आणि एक जुना होत चाललेला सूर एकमेकांत मिसळत असतात. कागदावर दोन्ही तारांचा आकडा सारखा आला, तरी त्या कानाला एकजीव वाटतीलच याची खात्री नसते.

म्हणून तंबोरा लावणारा माणूस घाई करत नाही. तो तार छेडतो आणि थांबतो. सूर खाली येऊन बसेपर्यंत ऐकतो. मग खुंटी अगदी थोडी फिरवतो, शेवटचा बारीक फरक घोडीखालचा मणी सरकवून काढतो आणि पुन्हा ऐकतो. गाणारा ज्या जोराने तारा छेडणार, त्याच जोराने तो छेडतो. लावताना जोरात आणि गाताना हळू असं केलं, तर सगळं लावणं वाया जातं. यानंतर जवारी येते. घोडीच्या किंचित उतरत्या पृष्ठभागावर तारेखाली सुती धागा सरकवून ती कुठे टेकते, कुठून सुटते हे ठरवलं जातं. धागा केसभर पुढे-मागे झाला तर तंबोरा एकतर मुका होतो किंवा नुसता झणझणतो. तार हलायची कमी होते तसतसं तिचं घोडीवर टेकणंही बदलत जातं, आणि एकाच तारेतून एकामागून एक वेगवेगळे स्वर डोकावल्याचा भास होतो. हे सगळं जमवणं म्हणजे तंबोरा लावणं.

हीच अडचण पियानोतही आहे, आणि तिथे तिच्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. पियानोला ८८ पट्ट्या असतात, पण तारा साधारण २३०. कारण वरच्या आणि मधल्या बहुतेक सुरांना प्रत्येकी तीन तारा असतात, खालच्या काही सुरांना दोन आणि अगदी खर्जातल्यांना एक. एक पट्टी दाबली की आतली नमद्याची हातोडी तिन्ही तारांवर एकदम आदळते. तीन तारांचा मिळून एक सूर व्हावा अशी अपेक्षा असते. दोन तारांत थोडाही फरक राहिला तर आवाज ‘वाँव-वाँव’ असा हलायला लागतो. एक तार सेकंदाला ४४० वेळा आणि दुसरी ४४१ वेळा हलत असेल, तर ही लहर सेकंदाला एकदा येते.

संगीतात अर्ध्या सुराचे शंभर भाग केले, तर त्यातल्या एका भागाला सेंट म्हणतात. ४४० च्या सुराला एक सेंटचा फरक म्हणजे सेकंदाला साधारण पाव कंपन. त्याची एक लहर पूर्ण व्हायला चार सेकंद लागतात. पण चार सेकंदांत तो सूर स्वतःच बदललेला असतो. त्याचा जोर ओसरलेला असतो आणि तो जागेवरून किंचित हललेला असतो. मग पियानो लावणाऱ्याने ठोका पडला त्या क्षणी तीन तारा जुळल्या की नाही हे पाहायचं, की दोन सेकंदांनंतर? तिन्ही तारा सारख्याच प्रमाणात उतरतील असं नसतं. सुरुवातीला जुळलेल्या तारा शेपटाकडे जाताना फाकू शकतात. शेपटाला जुळवल्या तर सुरुवात किंचित खरखरीत होऊ शकते.

यावर दोन संशोधनं महत्त्वाची आहेत. १९५९ साली रॉजर कर्क यांनी लोकांना वेगवेगळ्या प्रकारे जुळवलेल्या तारांचा पियानो ऐकवला आणि त्यातलं काय आवडतं ते विचारलं. तिन्ही तारा तंतोतंत सारख्या असलेला सूर लोकांना सर्वात जास्त आवडला नाही. पसंती मिळाली ती एक-दोन सेंटचा फरक ठेवलेल्या सुराला. पुढे १९७७ मध्ये गॅब्रिएल वाइनराइख या भौतिकशास्त्रज्ञाने यामागचं कारण मांडलं. तीन तारा एकाच घोडीवरून जातात, त्यामुळे त्या एकमेकींना हलवतात. सुरुवातीला तिन्ही एका तालात हलतात, घोडी जोरात ढकलतात, आवाज मोठा येतो आणि लवकर ओसरतो. मग त्यांच्यातल्या बारीक फरकामुळे त्यांचा ताल सुटतो. एक वर जाते तेव्हा दुसरी खाली येते, घोडीवरचा जोर एकमेकींत जिरतो आणि तारांतली उरलेली शक्ती हळूहळू, बराच वेळ बाहेर येत राहते. आपण ज्याला पियानोचा ‘गाणारा’ सूर म्हणतो तो या दुसऱ्या भागात असतो. आणि तो किती लांब टिकेल, हे लावणाऱ्याने ठेवलेल्या बारीक फरकावर अवलंबून असतं.

याचा अर्थ काय? प्रत्येक तार वेगळी वेगळी मोजली, तिन्हींचा आकडा अगदी बरोबर आणला, तरी त्या एकत्र वाजताना काय करतील हे आकड्यावरून पूर्ण कळत नाही. त्या एकत्र ऐकाव्या लागतात. म्हणूनच पियानो लावण्यासाठी चांगली सॉफ्टवेअर असतानाही, अनेक जाणकार एका सुराच्या तीन तारा जुळवताना यंत्र बाजूला ठेवतात आणि कान लावतात. तिथे ‘बरोबर’ हा आकडा नसतो, तो निर्णय असतो. जलद वाजवण्याच्या पियानोला सुरुवातीचा क्षण महत्त्वाचा. संथ वाजवायचं असेल तर शेपूट महत्त्वाचं. तंबोऱ्याला तर शेपूट हेच सर्वस्व, कारण गवई त्या शेपटावरच उभा राहतो. वाद्याचं काम काय, ते कोण वाजवणार, कुठे वाजवणार, हे माहीत असल्याशिवाय हा निर्णय घेता येत नाही. याला ज्ञान नाही तर काय म्हणायचं?

पियानो आपल्या नांदेड-लातूरकडे सहसा दिसत नाही. पण तारांचं हे शास्त्र ज्यांच्या बोटांत आहे ते लोक आपल्यापासून फार लांब नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानलं होतं तेव्हा पाणी भरून आलेली रेल्वे मिरजेहून आली होती, हे लातूरकर विसरलेले नाहीत. त्याआधीही हा रस्ता जुनाच. बार्शी लाइट रेल्वेचा नॅरोगेज फाटा १९११ मध्ये लातूरला पोहोचला आणि १९२७ मध्ये मिरजेला. मधे पंढरपूर. त्याच पंढरपूरच्या परिसरात तंबोऱ्याचे भोपळे पिकतात आणि मिरजेत त्यांचे तंबोरे होतात.

मिरजेत तंतुवाद्यं घडवणाऱ्यांचं मूळ शिकलगारांत आहे. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे, हत्यारं घडवणारे मुसलमान कारागीर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात संस्थानांच्या फौजा ओसरल्या आणि हत्यारांचं काम आटलं. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या दरबारात गाण्याला आश्रय होता आणि बाहेरून येणाऱ्या कलावंतांच्या वाद्यांना दुरुस्ती लागायची. फरीदसाहेब शिकलगार यांनी ते काम हाती घेतलं, पाहून-उलगडून ते शिकले आणि पुढे स्वतः वाद्यं घडवू लागले. त्यांच्या घराण्याचं आडनाव सतारमेकर झालं. तलवारीच्या धारेवरून बोट फिरवून केसभर उणीव ओळखणारा हात जवारीच्या घोडीवर आला. कसब तेच राहिलं, फक्त कामाची वस्तू बदलली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

याच मिरजेत किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ राहिले. १९३७ मध्ये त्यांचं निधन झालं आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात त्यांचं दफन झालं. तिथे उरुसात आजही गाण्याची हजेरी लागते. सुराच्या बारीक जागांविषयी खाँसाहेब किती काटेकोर होते हे सर्वांना माहीत आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यांच्या मोजमापांना खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार होता. पुढे १९२१ मध्ये सी. व्ही. रामन यांनी तंबोरा आणि वीणा यांवर निबंध लिहिला. तारेच्या ज्या जागी छेडलं जातं, त्या जागी स्थिर बिंदू असणारे स्वरांश तिच्यात उमटू नयेत, असा युरोपातला नियम होता. तंबोऱ्यात ते उमटतात, हे रामन यांनी दाखवलं. कारण? तो रुंद, उतरता घोडीचा पृष्ठभाग आणि तारेखालचा धागा.

इथे जरा थांबून विचार करावासा वाटतो. देवलांचं पुस्तक आहे, रामन यांचा निबंध आहे. दोघांचीही थोरवी मान्यच आहे. पण ज्या धाग्याने आणि ज्या घोडीने हा चमत्कार घडतो, ते बनवणारे लोक विज्ञानाच्या इतिहासात कुठे आहेत? त्यांनी शेकडो वर्षं घासून, ऐकून, पुन्हा घासून ही रचना पक्की केली. त्यांच्याकडे समीकरण नव्हतं, पण उत्तर होतं. आपल्याकडे समीकरण लिहिणाऱ्याला शास्त्रज्ञ म्हणतात आणि उत्तर काढणाऱ्याला मिस्त्री.

हे फक्त मिरजेपुरतं नाही. आपल्या दोन जिल्ह्यांकडे पाहा. इथलं सगळ्यांचं वाद्य म्हणजे पेटी. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिबमध्ये शबद-कीर्तनाला पेटी आहे. वारकऱ्यांच्या भजनाला पेटी आहे. कंधारच्या दर्ग्यात किंवा लातूरच्या सुरतशाह वलींच्या उरुसात कव्वाली बसली की मधोमध पेटी. शाळेच्या प्रार्थनेला पेटी आणि विशारदच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलीच्या घरातही पेटीच. धर्म कोणताही असो, भाता तोच.

पेटीत तारा नसतात, पितळी सूर असतात, आणि ते हवेने वाजतात. म्हणून इथे छेडल्यानंतर सूर उतरण्याचा प्रश्न त्याच रूपात येत नाही. पण दुसऱ्या रूपात येतो. एका पट्टीला दोन-तीन सूर असतात, काही सप्तकाच्या अंतराचे, काही एकाच उंचीचे. भाता जोरात दाबला तर सूर किंचित हलतो, हळू दाबला तर वेगळा. सुराच्या टोकाला कानस मारली तर तो चढतो, मुळाशी मारली तर उतरतो. पण कानस मारताना पितळ तापतं. ते निवल्यावर सूर पुन्हा थोडा सरकतो. बाहेर काढून वाजवलेला सूर आणि पेटीत बसवून वाजवलेला सूर यांतही फरक पडतो. म्हणजे इथेही माणसाला तोच प्रश्न सोडवायचा असतो. आत्ता जे ऐकू येतंय ते खरं, की थोड्या वेळाने जे राहणार आहे ते?

हे काम करणाऱ्या माणसाशी आपण कसं वागतो? तो घरी आला की आधी भाव होतो. “दोन सूर तर लावायचेत, दहा मिनिटांचं काम.” तो कान लावून बसलेला असताना टीव्ही चालू असतो, पोरं ओरडत असतात, डोक्यावर पंखा घरघरत असतो. तो थांबला की आपल्याला वाटतं, हा वेळ काढतोय. खरं तर त्याचं काम तेव्हाच चाललेलं असतं. कानस मारायला मिनिट लागतं, बाकीचा सगळा वेळ ऐकण्यात जातो. आपण हाताची मजुरी देतो. कानाचे पैसे कधीच देत नाही.

परिणाम उघड आहे. ज्या घरात हे कसब आहे, त्या घरातला मुलगा ते शिकायला तयार होत नाही. कान तयार व्हायला वर्षं लागतात आणि तेवढ्या वर्षांत तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बापापेक्षा जास्त कमावतो. त्याला दोष कसा द्यायचा? तंबोऱ्याची जवारी काढायची असेल, तर नांदेड-लातूरच्या गायकाला बहुतेक वेळा वाद्य मिरजेला, पुण्याला नाहीतर हैदराबादला न्यावं लागतं. भोपळ्याचं वाद्य एसटीतून नेणं म्हणजे काय असतं, ते ज्याने नेलं त्यालाच ठाऊक. मग तो वैतागतो आणि तंबोरा भिंतीला टेकवून ॲप लावतो.

इथे कुणी म्हणेल, मग ॲप लावावं की! बिघडलं काय? हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला, आणि त्याने खरोखरच असंख्य विद्यार्थ्यांची सोय केली. दोन खोल्यांच्या घरात चार फुटी तंबोरा ठेवायचा कुठे? ज्या मुलीला मोठं वाद्य परवडत नाही, तिच्या हातात मोबाइलवर फुकट षड्ज आला, ही वाईट गोष्ट नाही. ट्यूनर ॲपही उपयोगी आहे. तार कुठे ढोबळ चुकली आहे हे ते पटकन सांगतं. कोणत्याही शहाण्या कारागिराचं ॲपशी वैर नसतं.

पण मशीन एका क्षणाचं माप देतं, आणि कारागीर सुराच्या सबंध आयुष्याचा विचार करतो. माप घेणं आणि निर्णय घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थर्मामीटर आहे म्हणून आपण डॉक्टरांना घरी बसवत नाही. शिवाय ॲपमध्ये वाजणारा तंबोरा हा कधीतरी कुणीतरी कानाने लावलेल्या तंबोऱ्याचाच आवाज असतो, नाहीतर त्याच्या नमुन्यावरून बनवलेला. मूळ लावणारा संपला, तर पुढच्या पिढीला चांगलं काय याचा दाखलाच उरणार नाही. तेव्हा आपण मशीनला मशीनशीच ताडून पाहू आणि सगळं बरोबर आहे असं समजू.

दुसरा आक्षेप घरातून येतो. आपल्या समाजात काही जण म्हणतात, बाजाचं काम आहे, मुलाला त्यात कशाला घालता? संगीताबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि ते शेकडो वर्षांचे आहेत. तो वाद इथे मिटवण्याचा माझा इरादा नाही. पण आपल्याच मराठवाड्यात, खुलताबादेत, चौदाव्या शतकातले सूफी बुऱ्हानुद्दीन गरीब विसावले आहेत. समाअ म्हणजे भक्तिगायनाच्या श्रवणावरचं त्यांचं प्रेम प्रसिद्ध आहे. त्यांच्या काळीही त्यावर वाद होताच. म्हणजे हे कसब आपल्या दारात कुणी बाहेरून आणून टाकलेलं नाही, ते इथल्या मुसलमानी जगण्याचा भाग आहे. ज्यांना ऐकायचं नाही त्यांनी ऐकू नये. पण हलालीच्या घामाने चाललेल्या कारागिराच्या धंद्याला कमी लेखू नये, एवढी अपेक्षा चुकीची नाही.

आणि एक मोह मला टाळायचा आहे. दोन तारा, थोडा फरक, तरी एक सूर, यावरून हिंदू-मुस्लिम एकोप्यावर सुंदर भाषण करता येतं. व्यासपीठावरून अशी भाषणं होत असतात, टाळ्याही मिळतात. शहनाई, सतार, तंबोरा हे आपल्या ‘गंगा-जमनी’ कार्यक्रमांचे हमखास शब्द झाले आहेत. पण त्या भाषणाने कारागिराच्या दुकानाचं भाडं निघत नाही. त्याला रूपक म्हणून वापरण्याआधी त्याला माणूस म्हणून पैसे द्या.

सच्चर समितीने २००६ मध्ये स्पष्ट लिहिलं, की मुसलमान मोठ्या प्रमाणात स्वयंरोजगारात आणि कारागिरीत आहेत आणि त्यांच्यापर्यंत कर्ज व सरकारी आधार पुरेसा पोहोचत नाही. त्यानंतर २०२३ मध्ये केंद्राने पारंपरिक कारागिरांसाठी विश्वकर्मा योजना आणली. त्यात प्रशिक्षणाचा भत्ता आहे, अवजारांसाठी १५ हजार रुपये आहेत आणि कमी व्याजाचं कर्ज आहे. योजना चांगली आहे. पण जाहीर झालेल्या १८ व्यवसायांची यादी पाहा. सुतार आहे, लोहार आहे, कुंभार आहे, कुलपं बनवणारा आहे, हत्यारं घडवणारा आहे, माशांची जाळी विणणाराही आहे. त्यांचा हक्क आहेच. वाद्य घडवणारा आणि वाद्य लावणारा मात्र त्या यादीत नाही. हत्यार घडवणाऱ्या शिकलगाराला जागा आहे. त्याच शिकलगाराचा नातू सतार घडवू लागला, की तो यादीबाहेर. वाद्यकारागीर हा व्यवसाय या यादीत आला पाहिजे, ही मागणी आपल्या खासदारांकडे करायला काय हरकत आहे?

भौगोलिक मानांकनाने वाद्याच्या नावाचं रक्षण होतं. दुसऱ्या कुणी आपला माल ‘मिरजेचा’ म्हणून विकू नये याची सोय होते. ते महत्त्वाचं आहेच. पण मानांकन वस्तूला मिळतं, कानाला मिळत नाही. कान पुढच्या पिढीकडे पोहोचतो तो फक्त शेजारी बसून.

म्हणून आपल्या भागापुरत्या काही साध्या गोष्टी सुचवतो. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चारही जिल्हे येतात आणि विद्यापीठात कलांचं स्वतंत्र संकुल आहे. तिथे दरवर्षी पंधरा दिवस मिरजेच्या एखाद्या जुन्या कारागिराला बोलवा. त्याची पदवी विचारू नका. व्याख्याता पाहुण्याला देता तेवढंच मानधन द्या. भौतिकशास्त्राच्या मुलांनाही त्याच्यासमोर बसवा. वाइनराइखने समीकरणात मांडलं ते समोर बोटांनी होताना दिसलं, तर त्यांचा धडा पक्का होईल. आयटीआयमध्ये वाद्यदुरुस्तीचा सहा महिन्यांचा छोटा अभ्यासक्रम करता येईल. शाळा-महाविद्यालयं पेटी विकत घेतात, मग ती बेसूर होऊन कपाटात जाते. खरेदीबरोबर देखभालीची रक्कम दरवर्षी धरली, तर एका तालुक्यात एका माणसाचं पोट सहज भरेल. गुरुद्वारा, देवस्थानं, दर्गे, भजनी मंडळं आणि कव्वाल पार्ट्या यांना मिळून एक माणूस कायमचा ठेवता येईल. पेटी सगळ्यांचीच बेसूर होते.

आपल्या जमातींच्या ट्रस्टांनीही विचार करावा. आपण डॉक्टर-इंजिनिअर होणाऱ्या मुलांना शिष्यवृत्ती देतो, ते योग्यच आहे. त्यातली एखादी शिष्यवृत्ती उस्तादाकडे तीन वर्षं बसून कसब शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला दिली, तर ती खैरात ठरणार नाही. ते शिक्षणच आहे. बापजाद्यांचा धंदा पोरावर लादावा असं मी म्हणत नाही. ज्याला शिकायचं आहे त्याला शिकणं परवडावं, एवढंच.

हे सगळं होईल तेव्हा होईल. तोवर एक गोष्ट कुणालाही करता येईल. पुढच्या वेळी पेटी किंवा तंबोरा लावायला माणूस घरी आला, तर टीव्ही बंद करा आणि पंखाही बंद करा. तो नुसता बसलेला दिसला तर घड्याळाकडे पाहू नका. आणि पैसे देताना तो किती मिनिटं हात हलवत होता, हे मोजू नका.